पहिल्या पंगतीतलं अस्वल

आमच्या घरमालक काकांच्या पंगतीला जेवून तृप्त झालेली माणसं जगाच्या पाठीवर कुठं कुठं पसरली होती. कोणी टोरांटोला, कोणी मस्कतला, एक जण तर अशा देशात की त्याचं नाव काकांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. सगळी एकमुखानं म्हणायची, असा यजमान होणे नाही. त्यांतल्या एकाच्याही पोटात काकांच्या घरचा कण गेलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

कारण काकांची पंगत बसायची ती ऑनलाइन. डोळ्यांवर तो काळा डबा चढवायचा, कानात आवाज सोडायचा आणि त्या दुसऱ्या जगात जायचं. तिथं प्रत्येकानं आपल्याला हवं ते शरीर घ्यायचं, हवं ते घर बांधायचं, हवं ते खायचं. काका त्या जगाला ‘पलीकडे’ म्हणत. काकू ‘तिकडे’ म्हणत, आणि म्हणताना भुवई थोडी वर जायची.

आता अलीकडचे, म्हणजे खऱ्या घरातले काका सांगते. मी यवतमाळची. आमच्याकडं दारात माणूस आला की आधी पाण्याचा गडू, मग चहा, मग ‘कोण, कुठले’ असा क्रम आहे. खोली बघायला सहकारनगरात आले तेव्हा मे महिना होता, दुपारचा एक वाजला होता, आणि स्वारगेटवरून चालत आल्यानं माझ्या डोक्याचा तवा झाला होता. बेल वाजवली. काका आले, पण जाळीचं दार उघडलं नाही.

“आम्ही जेवतोय,” जाळीतूनच म्हणाले.

“हो का? मग थांबते मी.”

“थांबा. तिथं सावली आहे,” असं म्हणून बोटानं कंपाउंडबाहेरचं गुलमोहराचं झाड दाखवलं आणि आतलं लाकडी दारही लावून घेतलं.

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, पोर उन्हात उभी आहे, आत तरी घ्या.” त्यावर काका म्हणाले, “जेवताना मध्ये उठू नये.” म्हणजे मला दार लावायला उठले ते चालतं, उघडायला उठलेलं चालत नाही. बाप्पा! मी झाडाखाली उभी राहून वरणाच्या फोडणीचा वास घेत राहिले. त्यांचं जेवण झालं, हात धुऊन झाले, बडीशेप झाली, मग मला खोली दाखवण्यात आली. पाणी मी जाताना रसवंतीवर प्यायले.

उभा जन्म काकांनी एका कारखान्यात तपासणी विभागात काढला होता. दुसऱ्यानं बनवलेल्या मालात खोट काढायची आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झाल्यावर माल येणं थांबलं, सवय राहिली. मग पेपरवाल्यात खोट, दूधवाल्यात खोट, शेजारच्यांच्या कुत्र्याच्या भुंकण्यात खोट. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ‘काय यवतमाळ, आज उशीर?’ असं फाटकाशी उभं राहून विचारायचे. हिंजवडीहून कंपनीची बस येते, वाकडच्या पुलावर दीड तास उभी राहते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. “लवकर निघावं,” एवढंच त्यांचं म्हणणं.

तो डबा त्यांना लेकीनं बंगळूरहून पाठवला होता, प्राणायामासाठी. पलीकडे म्हणे हिमालयात बसून श्वास घेता येतो. काकांनी दोन दिवस हिमालयात श्वास घेतला आणि तिसऱ्या दिवशी भटकत भटकत तिथल्या एका हॉटेलात शिरले. टेबलावर बशी आली. बशीत कसल्याशा शेवया आणि वर एक पान. काका भडकले. “मीठ कुठं वाढलंय? डावी बाजू सगळी रिकामी! याला जेवण म्हणतात?” मॅनेजरला बोलवा म्हणाले. मॅनेजर म्हणून एक निळा बेडूक आला. काकांनी निळ्या बेडकाला पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू समजावून सांगितली, शुद्ध मराठीत, दहा मिनिटं. बेडकानं अंगठा वर केला आणि निघून गेला.

त्या अपमानातून काकांची पंगत जन्माला आली.

आणि त्यात मी भरडले गेले, कारण मी सॉफ्टवेअरमधली. काकांनी सरळ सौदा केला: तुम्ही मला पलीकडे मांडव घालून द्या, मी तुम्हाला उशिरा आलात तरी फाटक उघडून देतो. पलीकडच्या लोकांना खुर्चीवर बसता येत होतं, उडता येत होतं, कोलांट्या मारता येत होत्या. मांडी घालता येत नव्हती. पहिला रविवार मी जगाला मांडी शिकवण्यात घालवला. मग केळीचं पान आलं. शेंडा डावीकडे हवा, तो माझ्याकडून उजवीकडे झाला, तर काका म्हणाले, “यवतमाळला काय पत्रावळीवर जेवता वाटतं?” म्हटलं, “हो, पण माणसाला घरात घेऊन जेवतो.” ऐकू न आल्यासारखं केलं.

पदार्थ हुबेहूब हवे होते. त्यासाठी खरा पदार्थ करून त्याचे चारी बाजूंनी फोटो घ्यावे लागतात. मग काकू पहाटे उठून जिलेबी पाडायच्या, मसालेभात करायच्या, अळूची भाजी, भोपळ्याचं भरीत, कोथिंबिरीची वडी. काका फोनचा कॅमेरा घेऊन वडीभोवती प्रदक्षिणा घालायचे. “हात लावू नकोस, उजेड बदलतो. वाफ गेली, पुन्हा गरम कर.” देवाच्या नैवेद्याला लागला नसेल इतका वेळ त्या फोटोंना लागायचा. फोटो झाले की काका पानावर बसायचे आणि म्हणायचे, “गार झालंय.” हे काकूंना.

पण पलीकडे! पलीकडे हा माणूस लोण्यासारखा. संध्याकाळी सातला पंगत बसली की काका दारात हात जोडून उभे. “या, या. आपली वाटच बघत होतो. संकोच नको.” चपला काढल्याशिवाय प्रवेश नाही. एकाचे पाय घोड्याचे होते, त्याला नाल काढता येईनात. काकांनी मोठ्या मनानं त्याला फडक्यावरून आत आणलं. एक अजगराएवढा ड्रॅगन यायचा, तो संगमनेरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. त्याला काका म्हणायचे, “शेपटी जरा आवरून बसा, वाढप्यांच्या पायात येते.” आणि आग्रह? तीनदा नको म्हटल्याशिवाय जिलेबी थांबायची नाही. ‘नको’ पहिल्यांदा दाबलं की पानात दोन पडायच्या, दुसऱ्यांदा दाबलं की चार. हे सगळं माझ्याकडूनच करून घेतलेलं. शिवाय पंगतीतलं शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत कुणालाही उठता येत नव्हतं. बटणच चालायचं नाही. एकदा मस्कतचा माणूस घास अर्धा टाकून दार वाजलं म्हणून गेला आणि परतलाच नाही, तर चाळीस पाहुणे दोन तास पानावर अडकून पडले. काका म्हणाले, “पंगतीची शिस्त म्हणजे शिस्त.”

तिथं भात संपायचा नाही. पातेलं मी तसंच केलं होतं, कितीही काढा, भरलेलं. याचा काकांना कोण अभिमान! “माझ्या पंगतीत भात कमी पडला, असं कुणी म्हणून दाखवावं,” असं ते मिशीवर ताव देऊन सांगायचे. अलीकडे मिशी नव्हती. आणि ओळीतून फिरताना सगळ्यांना, “सावकाश होऊ द्या. अगदी सावकाश.” कोणी विचारलं, काका, तुम्ही नाही बसत? की हात छातीवर ठेवून, “यजमानानं शेवटी जेवायचं असतं.” लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं म्हणे. ड्रॅगनच्या सुद्धा.

चातुर्मासात पलीकडेही कांदा-लसूण बंद. पत्र्याचा एक यंत्रमानव यायचा, तो बिचारा कांदाभजी मागायचा, त्याला काकांनी चातुर्मासाचं महत्त्व ऐकवलं. एका एकादशीला तर कहर झाला. नव्या पाहुण्याला वरणभात कालवून दाखवताना काकांच्या पलीकडच्या हातानं पलीकडच्या तोंडात घास घातला. काकांनी डबा उतरवला, चेहरा पांढराफटक.

“अगं, माझा उपास मोडला का गं?”

काकू शेंगा सोलत होत्या. “पोट भरलं का?”

“नाही.”

“मग नाही मोडला.”

एवढ्यानं समाधान होतंय होय? गुरुजींना फोन लावला. गुरुजी नव्या पिढीतले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणत्या अ‍ॅपवर?” काकांनी प्रायश्चित्त म्हणून त्या संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली नाही. काकूंनी तासभर आधी करून ठेवली होती.

आता काकूंचं सांगते, कारण तोंडावर हसू ठेवून सांगायची गोष्ट इथं संपते. अलीकडे घरात काका एकला जेवायचे म्हणजे एकलाच. एकटे. काकू पोळी तव्यावरून थेट पानात टाकायच्या, मागं उभ्या राहून. ‘भात’ एवढं म्हटलं की भात, ‘ताक’ म्हटलं की ताक. वर बघायची पद्धत नव्हती. मी एकदा वाटी परत द्यायला दुपारी अडीचला खाली गेले, तर काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून पातेल्यातच जेवत होत्या. बुडाला लागलेला भात उलथन्यानं सोडवलेला, त्यावर ताक.

म्हटलं, “काकू, ताट तरी घ्या.”

“कशाला? भांडं वाढतं.”

“एवढाच भात?”

“अगं, आज त्यांनी दोनदा घेतला.” सहज म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडं गड्यालाही असं जेवू देत नाहीत.

मग पातेलं बाजूला सारून काकू म्हणाल्या, “तिकडे ते सगळ्यांना काय म्हणतात गं? रोज ऐकू येतं मला आतल्या खोलीत. सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या. चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी म्हटलं नाही कुणी.” पातेलं पुन्हा ओढून घेत म्हणाल्या, “मला नेशील तिकडे?”

लेकीनं काकूंनाही एक टॅबलेट दिला होता, तो देवाच्या आरत्या लावायला वापरत. त्यावरूनही पलीकडे जाता येतं, डबा लागत नाही. मी खातं काढून दिलं आणि म्हटलं, आता शरीर निवडा. फुकटातली शरीरं समोर आली. काकूंनी एकेक बाई सरकवत नेली आणि म्हणाल्या, “शी! एकीच्या अंगावर धड कपडा नाही.” शेवटी एक पांढरं अस्वल आलं, गुबगुबीत. “हे बरंय. अंगभर आहे.”

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत काका डबा चढवून उभे, आणि आतल्या खोलीत काकू टॅबलेट मांडीवर घेऊन पलंगावर, शेजारी मी. संशय नको म्हणून मालिकेचा आवाज मोठा ठेवलेला. अस्वल मांडवाच्या दारात आलं. काका कमरेत वाकले. “या! नवीन दिसता. संकोच करू नका. पहिल्या पंगतीत बसा.” काकूंचं बोट काचेवर तसंच राहिलं.

“मला म्हणाले?”

“तुम्हालाच.”

अस्वलानं मांडी घातली. पानात मीठ पडलं, लिंबू पडलं, काकूंच्याच हातची वडी पडली. काकांनी स्वतः वाकून तूप वाढलं आणि म्हणाले, “सावकाश होऊ द्या.” काकूंनी पदर तोंडाला लावला. हसताहेत का रडताहेत मला कळेना, विचारायची छातीही झाली नाही. मग त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं: अजून थोडा भात.

“वाढा, वाढा पाहुण्यांना!” काका गरजले, भिंतीपलीकडून आणि टॅबलेटमधून एकदमच.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. अस्वलाचा खाडा नाही. एरवी एक शब्द नाही, फक्त ‘अजून थोडा भात’. काका त्या अस्वलावर इतके खूष की दुपारी जेवताना काकूंना सांगायचे, “काय पाहुणे आहेत! खानदानी. बोलणं कमी आणि जेवण मन लावून. नाहीतर आपल्याकडची माणसं. शिका म्हणावं काहीतरी.”

“हो का?” म्हणून काकू पोळी टाकायच्या. मी जिन्यात उभी राहून ओढणीत तोंड खुपसायचे.

मग एका संध्याकाळी संगमनेरच्या ड्रॅगननं शेपटी आवरता आवरता विचारलं, “काका, पलीकडचं खूप झालं. खऱ्या घरी कधी बोलावताय जेवायला?”

सगळी पंगत हसली. पत्र्याचा यंत्रमानव म्हणाला, “खऱ्या घरी पाणी तरी मिळेल का, विचारा आधी.” कुणीतरी पुण्यावरचे दोन विनोद सांगितले, जुनेच. हशा वाढत गेला. काकांची मिशी थरथरली. एवढ्या दिवसांची यजमानकी, आणि पोरंटोरं अब्रूला हात घालताहेत! ते तावातावानं म्हणाले, “कोणी येत नाही म्हणून बोलावत नाही. पंगतीतले सर्वांत नेमाचे पाहुणे आधी.” आणि अस्वलाकडे हात केला. “आपण यावं. माझ्या घरी. रविवारी.”

हिशेब सरळ होता. हे अस्वल मुखदुर्बळ, कुठल्या खंडात राहतं ठाऊक नाही, येतंय कशाला? बोलावल्याचं पुण्य, वाढायचे कष्ट नाहीत. मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. एक बोट सरसर चाललं, इतकं झरझर मी ते कधी पाहिलं नव्हतं.

‘रविवारी नक्की. पण स्वयंपाक यजमानांनी स्वतः केलेला हवा.’

पंगतीनं टाळ्यांचा कडकडाट केला. ड्रॅगननं आनंदानं जाळ सोडला. शंभर माणसांसमोर काका ‘हो हो, अवश्य’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर मांडव उठला असता.

दुसऱ्या दिवशी काकू वर आल्या. “रागाच्या भरात लिहून गेले गं. आता?”

“आता काय? जेवायला जा.”

“आणि चिडले तर?”

“आजवर काय हसत होते?”

काकू खिडकीतून खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चिडले तर चिडले. मला एकदाच बघायचंय. मीच आहे हे माहीत असताना वाढतात का.”

त्या आठवड्यात घरातून जे वास आले ते मी नाकानं विसरायचा प्रयत्न करतेय. काकांनी काकूंना एवढंच सांगितलं होतं: रविवारी माझे पाहुणे येणार आहेत, स्वयंपाक मी करणार. काकू ‘बरं’ म्हणाल्या. मंगळवारी कुकरचं वरण छताला गेलं. तेव्हापासून काकांनी कुकरशी बोलणं सोडलं आणि पातेल्यावर आले.

“अगं, भाताला पाणी किती?”

“तिकडे किती घालता?”

“तिथं लागत नाही.”

“मग बोटानं बघा.”

“बोट कुठपर्यंत?”

काकू मटार सोलत बसल्या. शनिवारी पुन्हा विचारलं, “एका माणसाला तांदूळ किती लागतात?” पानात कोणती कोशिंबीर कुठं हे झोपेत सांगणारा माणूस, एका पोटाचा अंदाज त्याला नव्हता. काकू म्हणाल्या, “पोटभर लागतात.” काकांनी ते वाक्य अन्यायकारक आहे अशा चेहऱ्यानं एक वाटी तांदूळ मोजून ठेवले. शेजारी काकूंसाठी नाही, स्वतःसाठी नाही. पाहुणा एक, वाटी एक.

रविवारी मला निरोप आला: “यवतमाळ, एकला खाली या. फाटकापाशी थांबा, पाहुण्यांना घर सापडायला हवं. आणि जेवून या.”

मी जेवून गेले. काका धोतर नेसले होते, कपाळाला गंध. हॉलमध्ये पाट मांडलेला, भोवती त्यांनी स्वतः काढलेली रांगोळी. ती पालिकेनं खणलेल्या रस्त्यासारखी गेली होती, पण काढली होती. केळीचं पान, शेंडा डावीकडे. उदबत्ती. पहिल्यांदाच त्या घराची जाळी आणि लाकडी दार, दोन्ही सताड उघडी होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं त्यांच्या. यजमान पाहुण्याआधी कसा खाणार!

एक वाजला. सव्वा वाजला. “वेळेचे पक्के दिसत नाहीत,” काका पुटपुटले. पण जरा सुटल्यासारखेही वाटले. नाही आले तर पंगतीला सांगता येईल, मी रांधून बसलो होतो.

इतक्यात आतलं दार उघडलं. काकू आल्या. लेकीच्या लग्नातली जांभळी इरकली, केसांत गजरा.

“तू कुठं निघालीस?”

“जेवायला,” म्हणाल्या आणि सरळ पाटावर जाऊन बसल्या.

“अगं ए! ते पाहुण्यांचं पान आहे!”

“माहितेय.” काकूंनी पदराआडून टॅबलेट काढला आणि पानाशेजारी भिंतीला टेकून उभा केला. त्यात पांढरं अस्वल मांडी घालून बसलं होतं. “वाढा.”

काकांनी अस्वलाकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. परत अस्वलाकडे. मला वाटलं आता छत खाली येणार, वरणासकट. शेवटी म्हणाले, “ही फसवणूक आहे.”

“कुणाची?” काकूंनी विचारलं.

काकू मान वर करून थेट त्यांच्याकडे बघत होत्या. त्या घरात मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. मीही फाटक सोडून दारात येऊन उभी राहिले होते. उठा म्हणाले असते तर त्या उठल्या असत्या, आणि पुन्हा कधी कुठल्याच पंगतीत बसल्या नसत्या, हे मला दिसत होतं.

“पाहुण्याला पानावर तिष्ठत ठेवू नये,” काकू हळूच म्हणाल्या. “तुम्हीच सांगता सगळ्यांना.”

आता शिस्तीचं नाव निघालं. काका वळले, आत गेले. मला वाटलं गेलेच. पण बाहेर आले ते मिठाची वाटी घेऊन. वाकले. गुडघे वाजले. पलीकडे वाजत नाहीत. चिमूटभर मीठ पानाच्या बरोब्बर वरच्या कडेला ठेवलं. मग लिंबू. मग कोशिंबीर, डावीकडे. बटाट्याची भाजी उजवीकडे, अर्धी कच्ची, अर्धी कोळसा. भाताची मूद फुटली, परत केली. वरणाची वडी पाडता आली असती. तुपाची धार मात्र सुरेख सोडली. तेवढा सराव होता.

काकूंनी पहिला घास घेतला. चावला, गिळला. काका तपासणीला माल दिलेल्या कामगारासारखे समोर उभे. मग घसा खाकरून, पानाकडे बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

काकूंचा हात तोंडाशी थांबला. डोळे भरले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. तसाच घास खाल्ला. मग म्हणाल्या, “अजून थोडा भात.”

काकांनी वाढला. त्यांनी कालवून खाल्ला, खरंच सावकाश.

“अजून थोडा भात.”

काकांनी परत वाढला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा काका पातेल्यावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. डाव आत खडखड वाजला. पातेलं उजेडाकडे तिरकं केलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, जणू कोड माझं बिघडलंय.

“संपला,” म्हणाले. आणि मग खरोखर न कळून, “असा कसा संपला?”

“संपतो,” काकू म्हणाल्या. “रोज संपतो.”

काका पातेलं धरून उभे राहिले. काकूंनी पानातलं शितही टाकलं नाही. मठ्ठा प्यायल्या, पान आपल्या बाजूला मिटलं, उठल्या. काकांची भूक आता चेहऱ्यावर आली होती. अडीच वाजत आले होते.

“मग मी?” त्यांनी विचारलं.

“पातेल्याच्या बुडाला लागला असेल, उलथन्यानं सोडवा. ताक घाला त्यावर,” काकू म्हणाल्या. “ताट घेऊ नका. भांडं वाढतं.”

मोरीवर हात धुतले, पदराला पुसले. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन वळल्या. काका स्वयंपाकघरात पाटावर टेकत होते, पातेलं मांडीत.

“सावकाश होऊ द्या,” काकू म्हणाल्या.